हीटर कॉइल गळली: बायपास मारायचा की नवी बसवायची?

"साहेब, मुंबईत हीटर लागतो कुठं? बायपास मारून टाकू." हीटर कॉइल म्हणजे डॅशमागची छोटी जाळी. इंजिन थंड ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, तापून तिच्यातून फिरतं आणि गाडीत गरम हवा येते. ती गळायला लागली की मेकॅनिक बहुधा हेच सुचवतो, तिला वगळून कूलंट परस्पर फिरवायचं. मीही मान डोलावली होती. दोन पावसाळे बायपासवर काढले आणि तिसऱ्याच्या तोंडावर नवी कॉइल बसवली.

आधी गळतेय ती कॉइलच ना, एवढं बघून घ्या. डावीकडचं कार्पेट ओलं झालं म्हणून लगेच घाबरू नका, एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तरी तिथेच तळं साचतं. पांढरा टिश्यू दाबून पाहा. साधं बिनवासाचं पाणी असेल तर नळी साफ केली की काम झालं. टिश्यूला रंग लागला, बोटांना बुळबुळीत वाटलं, गोडसर वास आला, तर कूलंट. माझ्या गाडीत आधी काचेनेच सांगितलं. डिफ्रॉस्ट, म्हणजे काचेवर हवा मारणारा झोत, लावला की आतून तेलकट थर धरायचा, पुसायला गेलं की फराटे उठायचे आणि समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे त्यात फुटून पसरायचे. तापमानाचा नॉब फिरवल्यावर डॅशमधून नुसती टिकटिक येत असेल, तर मात्र बहुधा गरम-गार हवा वळवणाऱ्या आतल्या फ्लॅपची मोटर गेलीय. ते दुखणं वेगळं.

बायपासची बाजू तशी भक्कम आहे. बॉनेट उघडून फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, शिरणारे दोन होज (रबरी नळ्या) काढायचे, एकमेकांना जोडायचे, क्लिपा आवळायच्या. माझं काम 700 रुपयांत, चहा येईपर्यंत उरकलं. डॅशबोर्डला हातही लागला नाही. फक्त होजना बूच मारू देऊ नका, जोडूनच घ्या. काही इंजिनांत थर्मोस्टॅटपर्यंत, म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेपर्यंत, गरम कूलंट याच वाटेने पोहोचतं. नोव्हेंबर ते मे मला हीटरची आठवणसुद्धा आली नाही.

मग जुलै. रात्री नऊला दादरहून मुलुंडला निघालो होतो. गाडीत चार माणसं, तीन ओल्या छत्र्या, मागे आई. शीवच्या आधीच काचेवर आतून वाफ धरली. एसी लावला, काच साफ. पाच मिनिटांत मागून आवाज आला, "अरे बंद कर ते, हाडं गारठली माझी." बंद केला. पुढच्या सिग्नलपर्यंत काच पुन्हा आंधळी. पुन्हा एसी. आता गार वारा थेट काचेवर आदळत होता आणि बाहेरची हवा इतकी दमट, की काचेच्या खालच्या पट्ट्यावर बाहेरूनही दव धरलं. म्हणजे वायपर पावसासाठी वेगळा आणि दवासाठी वेगळा. तापमानाचा नॉब पूर्ण लाल टोकाला नेला, हवा तशीच बर्फासारखी. एसीची कॉइल हवेतली ओल काढते आणि हीटर कॉइल तीच कोरडी हवा कोमट करते. पावसात काच साफ राहायची तर दोघी लागतात, आणि माझ्याकडे एकच उरली होती. विक्रोळीपर्यंत ते बटण किती वेळा दाबलं, देव जाणे. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

कसाऱ्याच्या चढावर एका ट्रकमागे रांगताना तापमानाचा काटा वर सरकला, तेव्हाही हात सवयीने लाल नॉबकडे गेला. इंजिन तापलं की हीटर फुल करून उष्णता खेचायची, ही जुन्या ड्रायव्हरांची युक्ती. बायपासमध्ये तीही गेली.

नवी कॉइल मात्र स्वस्तात पडत नाही. बहुतेक गाड्यांत डॅश उतरवावा लागतो. काहींत पायांकडच्या बाजूने कॉइल सरकून निघते, तेवढं आधी विचारा. माझी गाडी दोन दिवस गॅरेजात होती, एसीचा गॅस काढून पुन्हा भरावा लागला, सगळे मिळून 9,500 गेले. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनी कॉइल कमी पैशांत मिळेलही, पण खरा खर्च मजुरीचा आहे. ती दोनदा भरायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. आणि कूलंट पूर्ण बदला. आधीच्या मालकाने नळाचं पाणी ओतून दिवस काढले होते, माझी कॉइल त्यानेच कुरतडली असावी.

वर्षभरात गाडी विकायची असेल, किंवा पावसात ती बिल्डिंगखाली उभीच राहत असेल, तर बायपास पुरे. उगाच डॅश उघडू नका. पण रात्रीचं येणंजाणं असेल, घरात थंडी न सोसणारं कुणी असेल, तर तुमच्या जागी मी पावसाळ्याआधीच गाडी गॅरेजात सोडली असती.

एक मान्य करतो. डॅश परत बसवल्यापासून डाव्या व्हेंटपाशी कटकट वाजायचं. त्या फटीत बेस्टच्या जुन्या तिकिटाची घडी खुपसून ठेवलीय. एसी चालू, नॉब जरासा लालकडे, आणि आई मागे घाटकोपरच्या आत झोपलेली असते.