कागद खरा, पण हक्क नाही: इंडोनेशियाच्या खेड्यात जमीन घेताना पैसे कसे बुडतात

बालीतल्या ताबानान आणि जेंब्राना जिल्ह्यांतली खेडी, लोम्बोकचा दक्षिण किनारा, जावातली डोंगराकडची गावं... ‘भातशेतीच्या मधोमध तुमचं घर’ अशा जाहिराती आता मराठी माणसांच्या फोनवरही येतात. अशा ठिकाणी पैसे बुडवायला बनावट कागद लागतच नाही, हे आधी लक्षात घ्या. दाखवलेला कागद खरा असतो, सही खरी असते, शिक्काही खरा असतो. तो ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून तुमच्यासमोर ठेवला जातो, तिचा मात्र तो पुरावा नसतो. म्हणूनच हिशेबाला पक्की, चार व्यवहार केलेली माणसंही यात अडकतात.

सर्वात आधी समोर येते ती एसपीपीटी, म्हणजे जमीन-घराच्या वार्षिक कराची सूचना. तिच्यावर नाव असतं, क्षेत्रफळ असतं, गाव असतं. पण ती ज्याच्या नावाने निघते तोच मालक असेल असं नाही. वारलेल्या आजोबांच्या किंवा नुसत्या कसणाऱ्याच्या नावानेही ती वर्षानुवर्षं निघत राहते. मग येतो जुना उतारा. जावात त्याला गिरिक किंवा लेटर सी म्हणतात, बालीत पिपिल. लेटर सीची वही गावच्या कचेरीत असते. ‘तुमचा सातबारा तसाच हा’ असं सांगितलं की मराठी माणसाचा लगेच विश्वास बसतो. पण या नोंदी मुळात कर आकारण्यासाठी ठेवलेल्या. वहीतला उतारा पुन्हा पुन्हा काढता येतो आणि आधी विकलेल्या तुकड्याची नोंद प्रत्येक वेळी झालेली असतेच असं नाही. एकच जमीन दोघा-तिघांना विकली जाते ती इथूनच. शिवाय २०२१ च्या शासकीय नियमावली क्रमांक १८ ने अशा जुन्या कागदांवरच्या जमिनींची नोंदणी पाच वर्षांत, म्हणजे फेब्रुवारी २०२६ पर्यंत, करून घ्यायला सांगितलं होतं. त्यानंतर हे कागद मालकीचा पुरावा राहत नाहीत, नोंदणीच्या वेळी दिशा दाखवण्यापुरतेच उपयोगी पडतात. ‘सर्टिफिकेट (म्हणजे भूमी कार्यालयाचं मालकीचं प्रमाणपत्र) नंतर काढून घेऊ, आधी गिरिकवर व्यवहार करू’ असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

पुष्कळ नुकसान नोतारिसच्या शिक्क्याने होतं. आपल्याकडच्या नोटरीपेक्षा तिथल्या नोतारिसचं वजन फार मोठं आहे, त्यामुळे त्याचा शिक्का दिसला की काम पक्कं झालं असं वाटतं. पण त्याच्याकडे तीन वेगवेगळी कामं होतात. आधीच सह्या झालेला खासगी करार तो आपल्या वहीत चढवतो आणि त्यावर क्रमांक-तारीख घालतो, ते वारमर्किंग. सही कोणी केली, जमीन कोणाची, करार कायद्यात बसतो का, यातल्या कशाचीही हमी त्यात नसते. दुसरं लेगालिसासी. त्यात ओळख पटवून सही त्याच्यासमोर होते, बस. तिसरं म्हणजे त्याने स्वतः लिहून, वाचून दाखवून केलेला दस्त. दलाल वारमर्किंगचा शिक्का दाखवून तिसऱ्या प्रकारच्या दस्ताचे पैसे घेतो.

आणि जमिनीच्या विक्रीला हा तिसरा दस्तही पुरत नाही. त्यासाठी पीपीएटी, म्हणजे जमिनीचे दस्त करायला नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर, आकता जुअल बेली, म्हणजे विक्रीचा दस्त, व्हावा लागतो. (पुष्कळदा एकच व्यक्ती नोतारिसही असते आणि पीपीएटीही, त्यामुळे गोंधळ वाढतो.) सह्यांआधी विक्रेत्याचा २.५ टक्के प्राप्तिकर आणि खरेदीदाराचा ५ टक्क्यांपर्यंतचा हस्तांतरण कर भरलेला हवा. हा दुसरा कर ठरावीक रक्कम वजा करून उरलेल्या किमतीवर बसतो. सह्या झाल्या की सात कामकाजी दिवसांत कागद जिल्ह्याच्या भूमी कार्यालयात, म्हणजे बीपीएनकडे, जावे लागतात. ‘कर मागाहून बघू’ असं ऐकलं तर समजावं की हा दस्त होणारच नाही, हातात फक्त पावती पडेल. त्या पावतीवरचं १०,००० रुपियाचं (रुपिया हे तिथलं चलन) मेतेराइ तिकीट हा कागदावरचा कर आहे. त्याने व्यवहार कायदेशीर ठरत नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी याहून मोठा खड्डा वेगळा आहे. १९६० च्या मूलभूत जमीन कायद्याच्या कलम २१ नुसार हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, व्यक्तींमध्ये फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. कलम २६ आणखी कडक आहे. परकीयाकडे थेट किंवा आडमार्गाने मालकी जावी म्हणून केलेला व्यवहार आपोआप रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेली रक्कम परत मागता येत नाही. यावर तोड म्हणून दलाल स्थानिक माणसाचं नाव लावतो आणि जोडीला कागदांचा गठ्ठा देतो: त्या माणसाने तुमच्याकडून कर्ज घेतल्याचा करार, मुखत्यारपत्र, दीर्घ भाडेकरार, कधी मृत्युपत्रही. प्रत्येक कागद एकेकटा पाहिला तर साधा वाटतो. एकत्र ठेवले की कायद्याला बगल दिल्याचा पुरावा त्यातूनच तयार होतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या परिपत्रक क्रमांक १० मध्ये तर स्पष्ट म्हटलं आहे की पैसे कोणाचेही असोत, मालक तोच ज्याचं नाव प्रमाणपत्रावर आहे. तो माणूस प्रामाणिक असला तरी धोका टळत नाही. तो वारला की त्याचे वारस येतात, घटस्फोट झाला की जोडीदार हिस्सा मागतो, त्याने कर्ज काढलं की बँक.

दुसरा मार्ग म्हणजे भाडेपट्टा. परकीय माणसाला तो कायद्याने घेता येतो आणि नीट केला तर उपयोगीही आहे. पण खेड्यात घोळ होतो तो दर आणि देणाऱ्याचा अधिकार या दोन ठिकाणी. बालीत जमीन ‘आरे’त मोजतात. एक आरे म्हणजे १०० चौरस मीटर, आपल्या सातबाऱ्यावरचा आर तोच. जाहिरातीतला दर पुष्कळदा एका आरेचा आणि एकाच वर्षाचा असतो. समजा १५ दशलक्ष रुपिया दर, ५ आरे आणि २५ वर्षं धरली, तर रक्कम होते १,८७५ दशलक्ष, आणि ती बहुधा सगळी आगाऊ मागतात. पुढची २५ वर्षं ‘त्या वेळच्या भावाने’ असं लिहिलं असेल, तर मुदतवाढीचा हक्क कागदापुरताच. दर ठरवण्याची पद्धत आजच लिहून घ्या.

अधिकाराचा प्रश्न जास्त अवघड आहे. बालीत घराण्याची जमीन मोठ्या भावाच्या नावावर असली तरी बाकीच्या भावांच्या सह्या हव्यात, आणि विवाहित मालकाच्या जोडीदाराचीही. गावात काही जमिनी देसा आदातच्या, म्हणजे परंपरागत गावसंस्थेच्या, असतात. राहणारं कुटुंब त्या बदल्यात मंदिराची आणि गावाची सेवा करतं. काही देवळांच्या असतात. तीन पिढ्या तिथे राहणारा माणूस मनापासून ‘ही आमची जमीन’ म्हणतो, पण ती भाड्याने द्यायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. जावात हाच प्रकार गावच्या सामायिक जमिनीचा आणि गाव-अधिकाऱ्यांना पगाराऐवजी दिलेल्या ‘बेंकोक’ जमिनीचा. अधिकारी बदलला की जमीन पुढच्याकडे जाते. दुसऱ्या परकीयाचा उरलेला पट्टा घेत असाल तर मूळ करारात पोटभाड्याची परवानगी आहे का ते पाहा. दिवाणी संहितेच्या कलम १५५९ नुसार ती नसेल तर पोटभाडं चालत नाही.

पट्टा निर्दोष असूनही जागा निरुपयोगी निघू शकते. हिरवळीसाठी राखीव भागातल्या किंवा संरक्षित भातजमिनीवर घराला पीबीजी, म्हणजे बांधकाम परवाना, मिळत नाही. ‘शेजारी बांधलंय ना’ या बोलण्याला काही किंमत नाही. जुलै २०२५ मध्ये बालीच्या बिंगिन किनाऱ्यावरची, कित्येक वर्षं धंदा करत असलेली ४० हून अधिक बांधकामं सरकारी जमिनीवर आहेत म्हणून पाडली गेली. वाट दुसऱ्याच्या बांधावरून असेल तर तिचा हक्क नोंदलेला हवा. आज तोंडी दिलेली वाट बांधकामाचं सामान यायला लागलं की बंद होते. शेतात सुबाकचा, म्हणजे पाणीवाटप मंडळाचा, पाट असेल तर तो वळवायची परवानगी विक्रेत्याच्या हातात नसते. विहिरीचं पाणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत बघावं, जानेवारीत सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात.

तपासणी महागडी नाही. दलालाचा नव्हे, स्वतःचा पीपीएटी नेमा. प्रमाणपत्राची बीपीएनकडची पडताळणी त्याच्यामार्फत करून घ्या. सरकारी शुल्क ५० हजार रुपिया आहे. गहाण, वाद किंवा जप्तीची नोंद असेल तर ती त्यात दिसते. ‘सेंतुह तानाहकु’ अॅप आणि ‘भूमी’ हा सरकारी ऑनलाइन नकाशा यांवर प्लॉट त्याच जागी, त्याच आकाराचा दिसतो का ते पाहा. मग जिल्हा कचेरीकडून जमीनवापराचा लेखी दाखला घ्या आणि शेजाऱ्यांना उभं करून सीमा मोजून घ्या. गावप्रमुखाला भेटा, बालीत बंजारच्या, म्हणजे वस्तीच्या, केलियानलाही (प्रमुखालाही). त्यांच्या पत्राने मालकी सिद्ध होत नाही, पण भावकीतलं भांडण त्यांना आधीपासून ठाऊक असतं. हे सगळं होईपर्यंत इसारही देऊ नका. ‘उद्या दुसरा गिऱ्हाईक येतोय’ ही घाई मुद्दाम लावलेली असते.

पैसे मुंबईतल्या कोणाच्या खात्यात किंवा क्रिप्टोत मागितले तर नकार द्या. रक्कम बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस), उद्देश लिहून करारातल्या मालकाच्याच खात्यात पाठवा. नाहीतर पैसे दिल्याचा पुरावा उरत नाही आणि भारतात फेमाचं, म्हणजे परकीय चलन कायद्याचं, प्रकरण वेगळं उभं राहतं.

पैसे देऊन झाले असतील आणि शंका आली असेल, तर आधी बीपीएनकडे त्या प्रमाणपत्रावर ‘ब्लोकिर’, म्हणजे व्यवहारबंदीची नोंद, मागा. त्यासाठी जमिनीशी तुमचा कायदेशीर संबंध दाखवणारा करार लागतो. खासगी अर्जावरची ही बंदी ३० दिवसच टिकते. तेवढ्या काळात न्यायालयातून जप्तीचा आदेश आणावा लागतो, नाहीतर जमीन पुन्हा विकायला मोकळी होते. दुसऱ्याचं नाव लावून मालकी घेतली असेल, तर पोलिसांकडे जाण्याआधी तिथल्या वकिलाला भेटा, कारण तक्रारीला जोडलेला तोच गठ्ठा कलम २६ खाली तुमच्याच विरुद्ध वाचला जाईल.