वसई की रेवदंडा-कोर्लई? शनिवार-रविवारसाठी एकच निवडायचं तर

नदी समुद्राला मिळते तिथे पोर्तुगीजांनी बांधलेलं ठाणं, मुंबई-पुण्याहून दोन दिवसांत होणारं, असं शोधायला बसलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्हीचा शेवटही जवळपास एकाच वेळी झाला. वसई १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकली आणि रेवदंडा-कोर्लई १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं. तरी प्रवास म्हणून दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पाहायला जास्त काय, एवढंच विचाराल तर वसई. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळालेल्या या जागेवर पोर्तुगीजांनी अख्खं शहर वसवलं. चर्चं, मठ, बालेकिल्ला, समुद्राकडचा दरवाजा असं सगळं चालत हिंडता येतं. नागासाकीला १५९७ मध्ये क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया इथलेच, आणि त्यांच्या नावाचं चर्च किल्ल्यातच आहे. चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. त्यातली एक वाईजवळच्या मेणवलीला घाटावर टांगलेली आजही दिसते. पुढे १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही इथेच, म्हणजे विजय आणि घसरण एकाच गावात पाहून होते.

पण वसईला गाडी कशाला न्यायची, हे मला अजून कळलेलं नाही. घोडबंदर आणि वर्सोवा पुलाजवळच्या कोंडीत अर्धी सकाळ जाते. वसई रोडला लोकलने उतरून रिक्षा किंवा बस धरली की काम झालं. शिवाय सुट्टीच्या दिवशी पडक्या कमानींखाली लग्नाआधीच्या फोटोंची रांग लागलेली असते, ती वेगळीच.

गाडी काढायचीच असेल तर रेवदंडा. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी चढवावी, मांडव्याला उतरावं आणि अलिबाग, नागाव, चौल करत पुढे जावं. पावसाळ्यात मात्र फेरी सुरू आहे ना, ते आधी बघा. पुणेकरांना खोपोली-पेण-वडखळ आहेच. शनिवारी वडखळ सकाळी लवकर ओलांडलं नाही तर पुढचं वेळापत्रक विसरा.

रेवदंड्यात रस्ताच किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यात उभा पडका सातखणी मनोरा. वसईच्या मानाने अवशेष थोडे आहेत, हे खरं. भरपाई कुंडलिकेपलीकडे होते. साळावचा पूल ओलांडून कोर्लईच्या चिंचोळ्या डोंगरावर चढलात की एका अंगाला नदीचं मुख, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि हे पाणी एवढं मोलाचं का होतं ते नकाशाशिवाय समजतं. १५०८ मध्ये याच चौलच्या बंदरात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं आणि व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी ती टिकून आहे! माझ्या दृष्टीने कोर्लईचं हे वैभव वसईच्या कुठल्याही कमानीपेक्षा मोठं.

मुक्कामाला नागाव किंवा रेवदंडा, जेवायला एखादी घरगुती खानावळ, मासे आधी सांगून ठेवलेले बरे. परतताना पुणेकरांनी अलिबागकडे वळूच नये. साळाव, रोहा, कोलाड, विळे, ताम्हिणी असं गेलं तर कोलाडपर्यंत कुंडलिका अधूनमधून भेटत राहते आणि रविवार संध्याकाळची वडखळची रांग टळते.

एका बाबतीत मात्र माझा कौल उलटा. सोबत गुडघे दुखणारी मंडळी असतील तर कोर्लईची चढण नको. वसई सपाट आहे, आणि तेवढ्यासाठी गाडीही न्या.