ट्रेकला कुत्रा नेताय? प्रथमोपचाराचं किट तयार घ्यावं की मेडिकलमधून जमवावं

पर्याय दोन. पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन मिळणारं, पंजाचं चित्र छापलेलं तयार किट. नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सामान आणून एखाद्या जुन्या पाऊचमध्ये भरायचं. ‘आपलंच ट्रेकचं किट आहे की, तेच चालेल’ असं म्हणणारेही भेटतात. त्यांचं आधी आटपून घेऊ. बँड-एड केसांवर चिकटत नाही. आणि त्या किटातल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला द्यायच्याच नाहीत. आयब्युप्रोफेनने त्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं बिघडतात. पॅरासिटामॉल यकृतावर येतं. निम्मी गोळीही नको.

आता खरी तुलना. सह्याद्रीत कुत्र्याला सगळ्यात जास्त काय होत असेल तर पंजाला इजा. फुटकी बाटली, बाभळीचा काटा, मार्च-एप्रिलमध्ये तापलेला कातळ. इथे तयार किटचा एक मुद्दा जोरदार आहे: त्यात बहुधा स्वतःलाच चिकटणारं बँडेज असतं, कोहेसिव्ह म्हणतात ते. ते केसांना चिकटत नाही आणि चालत्या पायावरून सहसा सरकत नाही. मेडिकलवाला सवयीने क्रेप बँडेज काढून देतो, ते दोन वळणांत घोट्यावर गोळा होतं. पण तयार किटमधली गुंडाळी अनेकदा इतकी छोटी असते की लॅब्रेडॉरच्या एका पंजात संपते. मेडिकलमध्ये नाव घेऊन मागितलं तर मोठी गुंडाळी मिळते, नसली तर मागवून देतात. सोबत गॉज भरपूर घ्या. जखमेवर थेट कापूस नको, त्याचे तंतू आत राहतात. जखम धुवायला सलाईनची बाटली आणि बीटाडीन. बीटाडीन मात्र पाण्यात फिक्क्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून वापरायचं. वरून लहान मुलाचा जुना मोजा चढवला की बँडेज चिखलापासून वाचतं. हा मोजा कुठल्याही किटमध्ये नसतो.

पट्टी बांधताना बोटं मोकळी ठेवून अधूनमधून बघा. सुजली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झाली आहे.

गोचिडीसाठी तयार किटमधला प्लास्टिकचा आकडा खरोखर चांगला. तो सुटाही मिळतो, तेव्हा तेवढ्यासाठी किट घ्यायला नको. आकडा नसेल तर बारीक टोकाचा चिमटा त्वचेला टेकवून सरळ ओढायचा. रॉकेल, जळती काडी, तेल यातलं काही नको. पावसाळ्यात जळवा निघाल्यावर रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. घाबरू नका, गॉज दाबून धरा. पावसानंतर कुसळी गवत वाळलं की त्याची कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात घुसतात. बेचक्यातलं चिमट्याने निघतं. कानात गेलेल्याला हात न लावता डॉक्टर गाठायचा.

उन्हाच्या बाबतीत तयार किट मला सरळ चुकीच्या हवामानासाठी भरलेलं वाटतं. त्यातलं चंदेरी चमकतं ब्लँकेट थंडीसाठी असतं. हिमाचलला निघालात तर ठीक, पण एप्रिलमधल्या राजमाचीला ते नुसतं ओझं. तिथे डिजिटल थर्मामीटर, तो गुदद्वारात घालण्याआधी टोकाला लावायला थोडं व्हॅसलिन आणि कुत्र्यासाठी वेगळं पाणी हवं. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. त्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट. उन्हात 104 च्या वर गेलं तर चालणं बंद, सावली, अंगावर पाणी, वारा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. 103 च्या आसपास उतरलं की अंगावर पाणी ओतणं थांबवा आणि दवाखान्याकडे निघा. पग, बुलडॉग असे चपट्या नाकाचे कुत्रे उन्हाळी ट्रेकला नेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

साप चावला तर दोन्ही पर्याय सारखेच निरुपयोगी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालणारं प्रतिविष कुत्र्यांनाही देतात, पण ते दवाखान्यात. वाटेत कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही. कुत्र्याला चालू न देता उचलून खाली आणायचं. राजमाचीच्या उधेवाडीतून लोणावळा पंधरा-सोळा किलोमीटर आहे, हे डोक्यात ठेवून पाहा: पंचवीस किलोचा कुत्रा तुम्ही कशात उचलणार? जाड सुती चादर हवी, दोघांनी झोळी करून धरता येईल अशी. माझ्या मते बीटाडीनच्याही आधी ती भरावी. आणि एक ओढणी, तोंड बांधायला. दुखावलेला कुत्रा मालकालाही चावतो. धापा टाकत असेल किंवा उलट्या होत असतील तर मात्र तोंड बांधायचं नाही.

मग घ्यायचं काय? वर्षातून एखाद्या वेळी फार्महाउसवर, गाडीपासून हाकेच्या अंतरावर फिरणार असाल तर तयार किट घ्या, मेडिकलच्या फेऱ्या वाचतील. डोंगर चढणार असाल तर स्वतः जमवा. गॉज, बीटाडीन, सलाईन, चिकटपट्टी दोन-तीनशे रुपयांत होतं; कोहेसिव्ह बँडेज, थर्मामीटर आणि गोल टोकाची कात्री वेगळी. तयार किट आधीच घेतलं असेल तर फेकू नका, ब्लँकेट काढून त्या जागी सलाईन आणि मोठं बँडेज भरा.

ॲलर्जीच्या गोळीचा डोस वजनावर ठरतो, तो स्वतःच्या पशुवैद्याकडून कागदावर लिहून घ्या आणि कागद पाऊचमध्येच ठेवा. त्याच्या मागच्या बाजूला पायथ्याजवळच्या गावातल्या पशुवैद्याचा नंबर लिहा, आणि तो रविवारी फोन उचलतो का हे शनिवारीच विचारून ठेवा.