सुई, तबकडी आणि समोरचा डबल बास : अकरा महिन्यांनंतर

गेल्या अकरा महिन्यांत माझ्याकडे जॅझच्या ३१ रेकॉर्ड जमल्या. सगळे रीइश्यू, म्हणजे ध्वनिमुद्रण जुनं, छपाई आत्ताची. मूळ छपाईच्या प्रतींच्या नादाला मी लागले नाही. तिथे लोक रेकॉर्ड ऐकण्याआधी छपाई किती जुनी ते कळायला लेबलवरचा पत्ता वाचतात. याच काळात नऊ वेळा जॅझ समोर बसून ऐकलं. दोन्ही छंदांचं आपसांत छान जमेल असं मी धरून चालले होते. पाचव्या महिन्यात त्यांचं भांडण लागलं.

पण आधी रेकॉर्डबद्दल, कारण तक्रारी तिथे जास्त आहेत.

नवी, सीलबंद, १८० ग्रॅमची रेकॉर्ड म्हणजे निर्दोष असणार, हा समज पहिल्या दोन महिन्यांतच गेला. ३१ पैकी चार परत कराव्या लागल्या. एक बशीसारखी वाकलेली होती. दोन तबकड्यांवर कागदी स्लीव्हचा भुगा आणि त्याच स्लीव्हने पाडलेले बारीक ओरखडे. छळलं मात्र चौथीने, कारण तिच्यात दिसायला काहीच खोट नव्हती. पियानोवादक एखादा स्वर धरून थांबला की तो स्वर लाटेवर ठेवल्यासारखा हेलकावे खायचा. मी आधी टर्नटेबलवर संशय घेतला, बेल्ट पुसला, वेग तपासला. शेवटी टॉर्च धरून टोनआर्मकडे, म्हणजे सुईच्या दांड्याकडे, बघत बसले. दर फेऱ्याला त्याच्या टोकाचं कार्ट्रिज (सुई बसवलेला ठोकळा) एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलत होतं. मधलं भोक किंचित सरकलेलं होतं, बाकी काही नाही. सॅक्सोफोनच्या कंपात हे खपून जातं. पियानोचा सरळ स्वर चुगली करतो. बदलून आलेली प्रतही थोडी झुलतेच. ठेवून घेतली, भांडायचा कंटाळा आला.

दुसरी गोष्ट दोष म्हणता येणार नाही, तो तबकडीचा स्वभाव आहे. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलपाशी पोचेपर्यंत जेमतेम २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. म्हणून बाजूच्या शेवटी ट्रंपेट चढला की चरचरतो. माझ्या कार्ट्रिजला दोन ग्रॅम भार लागतो आणि मी ते दीडवर चालवत होते. कमी भार म्हणजे रेकॉर्डची काळजी, असं मला वाटायचं. उलट आहे: हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तीच जास्त खरवडते. भार नीट केल्यावर चरचर बरीच कमी झाली, गेली नाही. ४५ फेऱ्यांचे दोन तबकड्यांचे संच हा यावरचा उतारा. ऐकायला झकास, पण जरा टेकून बसावं तोवर उठून बाजू बदलायची वेळ येते.

कोणती मालिका घ्यावी, हे विचारणारे फार असतात. ब्ल्यू नोट या जॅझ कंपनीची 'टोन पोएट' मालिका २०१९ मध्ये सुरू झाली: जाड पुठ्ठा, उघडणारं कव्हर, आत फ्रान्सिस वुल्फ यांनी ध्वनिमुद्रणाच्या वेळी काढलेले फोटो. 'क्लासिक' ही साधी मालिका, एकेरी कव्हरची. दोन्हींत बहुतेक मास्टरिंग (छपाईआधी आवाजावरचा शेवटचा हात) केविन ग्रे यांचंच, त्यामुळे आवाजात मला म्हणावा तसा फरक लागला नाही. मी आता क्लासिकच घेते. फोटोंचा मोह आहे, नाही असं नाही.

आणि मूळ टेपपासून तबकडीपर्यंत कुठेही डिजिटल टप्पा नको, यावर हटून बसणाऱ्यांनी २०२२ ची गंमत आठवावी. एका नावाजलेल्या कंपनीच्या रेकॉर्डींमध्ये कितीतरी वर्षं असा टप्पा होता, हे तेव्हा उघड झालं. 'मला लगेच कळतं' म्हणणाऱ्यांपैकी भल्याभल्यांना ते कळलं नव्हतं.

तर पाचवा महिना. लहानशी खोली, चौघांचा संच, माइक कोणालाच नाही. बासला, म्हणजे उभ्याने वाजवायच्या त्या भल्यामोठ्या डबल बासला, तेवढा लहानसा अॅम्प्लिफायर. मला खुर्ची मिळाली ड्रम्सच्या शेजारी, हात लांब केला तर झांजेला लागेल एवढ्या अंतरावर. राइड झांज (ताल धरून ठेवणारी मोठी झांज) इतक्या जवळून ऐकली की दोन आवाज वेगवेगळे कळतात: काठीच्या टोकाचा लाकडी 'टक' आणि मागून पसरत येणारी सळसळ. घरी ऐकताना हे दोन्ही मिळून एकच 'त्स्स' होतं. ड्रमरने जोर केला की बास पार बुडायचा. बोटं हलताना दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं.

घरी येऊन साठच्या दशकाच्या सुरुवातीची एक स्टीरिओ रेकॉर्ड लावली आणि हसूच आलं. सॅक्सोफोन एका स्पीकरमध्ये, ड्रम्स दुसऱ्यात, जणू वादकांचं एकमेकांशी पटत नसावं. त्या खोलीत ड्रम्स चहूकडे होते, इथे उजव्या कोपऱ्यात उभे केलेले. आठवडाभर मी काही लावलंच नाही. एवढी वाकलेली, झुललेली, चरचरणारी तबकडी सांभाळायची ती या खोट्यासाठी?

राग ओसरला तो बासमुळे. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर १९५९ पर्यंत न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकमध्ये आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचे आणि पोटापाण्यासाठी डोळे तपासून चष्मे द्यायचे. त्या दिवाणखान्यातल्या रेकॉर्डींवर बासच्या तारेवरून बोट निसटतानाचा घासटा ऐकू येतो. नऊ मैफलींत कुठल्याही खुर्चीवरून मला तो ऐकू आला नाही. माइक जिथे ठेवला होता तिथे माणसाचा कान कधीच नसतो. रेकॉर्ड मैफल घरी आणते, ही माझी अपेक्षाच चुकीची होती. ती निराळीच चीज आहे, कोणीतरी बसून घडवलेली. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्ल्यू'चंच बघा ना. मार्च १९५९ च्या सत्रात टेपयंत्र किंचित हळू चाललं, म्हणून नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे जगाने तीस वर्षांहून जास्त काळ जरा चढ्या स्वरात ऐकले. १९९२ मध्ये दुरुस्ती झाली. तोवर कितीजणांनी त्या चढ्या स्वरावरच जीव लावला असेल!

हे डोक्यात बसल्यावर दोन्हीकडचं ऐकणं सुधारलं. रेकॉर्डचा मैफलीत झालेला मोठा फायदा म्हणजे मोजणं. बत्तीस मात्रांचे नव्हे हं, बत्तीस बारचे (एक बार म्हणजे बहुधा चार मात्रा) आराखडे: आठ-आठचे चार भाग, तिसरा वेगळा. एकच बाजू वीसवेळा ऐकल्यावर तो तिसरा भाग आपोआप खुणावतो. सातव्या मैफलीत ड्रमरचा लांबलचक सोलो चालू होता, बाकीचे तिघे हातावर हात ठेवून उभे. मी मनात मोजत होते. पियानोवाली वाकली, मी मनातल्या मनात 'आता' म्हटलं आणि चौघं एकदम समेवर आले. टाळ्यांआधी मलाच घाम फुटला होता.

उलट फायदा जरा लाजिरवाणा आहे. तिसऱ्या मैफलीत बासचा सोलो सुरू झाल्यावर मी शेजारणीला काहीतरी विचारलं. काय, तेही आठवत नाही. बासच्या सोलोत लोक बोलतातच, आवाज खाली येतो ना. नंतर पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीची २५ जून १९६१ ची न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधली ध्वनिमुद्रणं पुन्हा लावली. पेल्यांची किणकिण, कुजबुज, कोणाचं तरी हसणं; पूर्वी ते मला वातावरण वाटायचं, छान वाटायचं. आता त्या हसणाऱ्या बाईत मी दिसते. बास वाजवणारा स्कॉट लफॅरो पंचवीस वर्षांचा होता. त्यानंतर अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला.

रीइश्यूंची एक खोड मात्र कशानेच जात नाही. माझ्या ३१ पैकी २८ रेकॉर्ड १९५५ ते १९६६ मधल्या आहेत. कव्हरवरची बहुतेक माणसं हयात नाहीत, आणि जॅझ म्हणजे तेवढंच, असं नकळत वाटायला लागतं. समोर वाजवणारी माणसं तर स्वतःच्या चाली वाजवतात. सातव्या मैफलीतल्या त्या पियानोवालीची रेकॉर्ड मी कार्यक्रमानंतर टेबलावरून उचलली. छपाई बेताची आहे, दुसऱ्या बाजूला टिकटिक आहे, आणि त्या रात्री जी चाल पंधरा मिनिटं चालली ती इथे सहा मिनिटांत आटोपते. एवढं कळूनही आठवड्यातून एकदा तरी लागतेच.

सध्या नवी खरेदी बंद आहे. वहीत तास लिहून ठेवते. सुईचे २७० झालेत आणि माझ्या लंबगोल सुईचं आयुष्य ३०० च्या आसपास सांगितलेलं आहे, तेव्हा पुढचे पैसे तिच्यावर. दहाव्या मैफलीचं तिकीट काढलंय, या खेपेला ड्रम्सपासून चांगली लांबची, बासच्या बाजूची खुर्ची.