ईईजी : नॉर्मल रिपोर्टला किती वजन द्यायचं?

मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एमआरआयसोबत ईईजी असतोच. तपासणी म्हणून ईईजी चांगली आहे: दुखत नाही, सुई नाही, शॉक नाही, डोक्यातल्या विजेची नुसती नोंद होते. गोंधळ होतो तो रिपोर्ट वाचताना.

साधा ईईजी २० ते ३० मिनिटांचा. टेक्निशियन टेपने डोकं मोजून खुणा करतो, त्या जागा जरा घासतो आणि पेस्टने साधारण २१ इलेक्ट्रोड (वीज टिपणाऱ्या छोट्या चकत्या) चिकटवतो. मग डोळे उघडा-मिटा, ३ मिनिटं जोरात खोल श्वास, शेवटी समोर लुकलुकणारा दिवा. श्वासाच्या वेळी बोटांना मुंग्या येतात, थोडं गरगरतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र नुकताच स्ट्रोक झाला असेल किंवा हृदयाचा गंभीर आजार असेल तर आधीच सांगा, तो भाग गाळतात.

केस आदल्या रात्री धुवा. तेल, कंडिशनर, जेल काही नको. तेलकट डोक्यावर इलेक्ट्रोड नीट बसत नाही आणि आलेखात मेंदूऐवजी भिंतीतल्या वायरिंगची गुणगुण उमटते. उपाशी जाऊ नका. चालू गोळ्या सांगितल्याशिवाय थांबवू नका. जागरण करून यायला सांगितलं असेल तर खरंच जागा, कारण डुलकी लागताना आलेखात अपस्माराच्या (पुन्हा पुन्हा फिट येण्याच्या आजाराच्या) खुणा जास्त दिसतात. अर्थात त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

आता उणी बाजू. अपस्मार असलेल्या माणसाच्याही पहिल्या ईईजीत ठोस खूण जेमतेम निम्म्या वेळा सापडते. दोन फिटांच्या मधल्या अर्ध्या तासात मेंदू शांत असू शकतो, आणि खोलवरची गडबड कवटीवरून दिसतेच असं नाही. म्हणून ‘नॉर्मल’ म्हणजे ‘काही नाही’ नव्हे. उलटी चूक जास्त महागात पडते: झोपाळलेल्या माणसाच्या कानशिलाजवळच्या निरुपद्रवी टोकदार लहरी अपस्माराच्या समजल्या जातात, आणि नुसती चक्कर येऊन पडलेला माणूस वर्षानुवर्षं गोळ्या खातो. चक्करेतही हातपाय थोडे झटकतात, पण काही सेकंदच. माणूस पांढरा पडतो आणि लगेच भानावर येतो. अशा पडण्यामागे हृदयही असू शकतं, म्हणून ईसीजी काढलाच नसेल तर आधी तो मागा.

ईईजीपेक्षा मोबाइलवरचा व्हिडिओ अनेकदा जास्त सांगून जातो. डोळे उघडे की मिटलेले, मान कुठे वळली, कोणता हात आधी, किती वेळाने नीट बोलला, हे त्यात यायला हवं. फिट ५ मिनिटांपुढे गेली तर मात्र शूटिंग सोडून अँब्युलन्स.

औषध सुरू करायचं की नाही हे एकट्या ईईजीवर ठरत नाही. २४ तासांहून जास्त अंतराने, ताप किंवा साखर घसरणं असं तात्कालिक कारण नसताना दोन फिट आल्या, किंवा एकच आली पण पुढच्या १० वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता किमान ६० टक्के दिसते, तर अपस्माराचं निदान होतं. रिपोर्टचा खरा उपयोग औषध निवडताना होतो. सकाळी उठल्यावर हात दचकून कप निसटत असेल तर ते नक्की सांगा. तशा अपस्मारात कार्बामाझेपिन या औषधाने दचके वाढू शकतात. लॅमोट्रिजिन सावकाशच वाढवतात, नेहमीची सुरुवात २ आठवडे रोज २५ मिग्रॅ. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. लेव्हेटिरासिटॅम लवकर वाढवता येतं, पण चिडचिड वाढली तर घरच्यांनी डॉक्टरांना कळवावं.

योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट येत राहिल्या, तर तिसऱ्या साध्या ईईजीवर वेळ घालवू नका, व्हिडिओ ईईजीबद्दल विचारा: दवाखान्यात काही दिवस राहून, कॅमेऱ्यासमोर, प्रत्यक्ष फिट पकडायची. आधीच्या ईईजीची फक्त छापील पानं नकोत, मूळ रेकॉर्डिंगची डिजिटल फाइल मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना त्याच लहरी इलेक्ट्रोडच्या वेगळ्या जोड्या लावून पाहता येतात, कागदावर ते जमत नाही.