सोसायटीचा मायक्रोग्रिड: स्वस्त आधी चालवावा की स्वच्छ आधी?

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा आमच्या फोंड्याच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनल होते. वीज गेली. आभाळ निवळल्यावर ऊनही पडलं, तरी पाण्याचा पंप जनरेटरवरच चालवावा लागला. ग्रिडला, म्हणजे वीज खात्याच्या लाईनला, जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज गेली की आपणही बंद पडतो. लाईनवर चढलेल्या माणसाच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे. म्हणून ग्रिडपासून सुटून चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आधी घ्या. पॅनल, बॅटरी आणि जनरेटर त्याला जोडले की सोसायटीचा स्वतःचा छोटा ग्रिड, म्हणजे मायक्रोग्रिड, तयार होतो. मग तो स्वस्त पडेल असा चालवायचा की स्वच्छ राहील असा, ते ठरवा.

जनरेटरचा निकाल लवकर लागतो. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भार चांगला असेल तर लिटरमागे तीन-साडेतीन युनिटं मिळतात, नुसते जिन्यातले दिवे असतील तर दोनही नाहीत. लिटर 90 रुपये आणि तीन युनिटं धरली, तर युनिट 30 रुपयांना आणि कार्बन 0.9 किलो. खिसा आणि हवा दोन्हींचं नुकसान.

ग्रिडची वीज स्वस्त, पण गोव्याचं स्वतःचं मोठं वीज केंद्र नाही. छत्तीसगडमधल्या कोरब्यासारख्या कोळशाच्या केंद्रांतून आपल्याकडे वीज येते. देशाची सरासरी युनिटमागे 0.7 किलो कार्बनच्या आसपास आहे.

खरी निवड बॅटरीपाशी करावी लागते. दुपारचं ऊन साठवून रोज रात्री वापरणं स्वच्छ वाटतं. पण नेट मीटरिंग असेल तर दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट बिलातून तसंच वजा होतं, आणि तिकडे कोळसाही वाचतो. बॅटरीत शंभर युनिटं घातली तर नव्वदच परत येतात. शिवाय झीज: युनिटभर क्षमतेला 15,000 रुपये आणि भरून रिकामी करण्याच्या 5,000 फेऱ्या धरल्या तर प्रत्येक युनिटावर 3 रुपये. म्हणजे पैसे घालवून कार्बन फारसा वाचत नाही. दुपारच्या युनिटाला कमी भाव मिळत असेल किंवा संध्याकाळचा दर चढा असेल, तर मात्र बॅटरी रोज भरा आणि रोज वापरा. देशात दुपारची सौर वीज वाढतेय, तसं संध्याकाळचं युनिट त्या मानाने जास्त काळं, म्हणजे जास्त कोळशाचं, होत जाणार आहे.

पावसाळ्यात माझं मत ठाम आहे. जून ते सप्टेंबर ऊन कमी, आणि फांद्या तारांवर पडतात त्याच दिवसांत. तेव्हा बॅटरी ग्रिडवरून का होईना, भरलेली ठेवा. सहा रुपये दर धरला, तर गळती आणि झीज धरून युनिट दहा रुपयांच्या आत पडतं, कार्बन 0.78 किलो. कोळशाची वीज साठवूनही डिझेलपेक्षा दोन्ही बाजूंनी बरी. चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत 80 टक्के राखीव ठेवा, उन्हाळ्यात 30 पुरे.

बॅटरी 20 टक्क्यांवर आली तरच जनरेटर लावा. लावला की पूर्ण भाराजवळ चालवा, उरलेल्या विजेवर बॅटरी भरून घ्या आणि लगेच बंद करा.