अंगणात सोनं गाळून देणाऱ्यापासून सावध

चवथीच्या आधी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात स्कूटरवरून एक माणूस आला. कोंकणी आमच्यासारखीच बोलत होता, त्यामुळे परका वाटला नाही. म्हणाला, "दुकानात मोड द्याल तर शेट (सोनार) तूट धरणार, डाक (सांधा जोडायची हलकी धातू) धरणार. मी तुमच्या सोप्यावर बसून गाळतो. वजन आधी, वजन नंतर. मला फक्त मजुरी द्या."

सासूबाईंनी तुटकी साखळी, एकेकटी राहिलेली कुडी, मुलांच्या लहानपणच्या अंगठ्या काढल्या. जावेने पैंजण आणले. सोनं भरलं 24.10 ग्रॅम, तेही आमच्याच काट्यावर. त्याने मूस (धातू वितळवायचं भांडं) मांडली, गॅसचा झोत लावला. सोनं वितळायला 1064 अंश लागतात, चांदीला 962 च्या आसपास. स्वयंपाकाच्या शेगडीचं ते काम नव्हे. वर्तमानपत्राच्या पुडीतून सवागी (टाकणखार) टाकली, सळीने ढवळलं, पुन्हा दुसरी पुडी. "झोताकडे बघू नका, डोळे जातील," असं दोनदा म्हणाला आणि जावेला पाणी आणायला पाठवलं. वर तरंगणारा काचेसारखा गाळ त्याने आपल्या डब्यात ओतला आणि लगड पाण्यात टाकली. वजन 23.40. पाऊण ग्रॅमसुद्धा तूट नाही! सगळे खूश.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लाल दिसतं रे." तो म्हणाला, "भट्टीचा रंग आहे, तेजाबात उजळेल." हे अर्धं खरंच आहे, तापवलेलं सोनं काळवंडतं आणि तेजाबाने साफ होतं. पण आतला तांबडेपणा काही जात नाही.

पुढे भाचीच्या लग्नासाठी लगड म्हापशाला नेली. शेटनी आधी कसोटीवर घासली, मग मशीनवर ठेवली. शुद्ध सोनं 68 टक्के, म्हणजे जेमतेम सोळा कॅरेट. जुने दागिने डाक धरूनही 86 टक्क्यांच्या आसपास असावेत, असा त्यांचा अंदाज. म्हणजे जवळजवळ पाच ग्रॅम शुद्ध सोनं गेलं, आणि वजन मात्र जागच्या जागी!

शेटनी गणित उलगडून सांगितलं. त्या गाळात सोन्याचे मणी सहज अडकतात, मुद्दाम अडकवताही येतात. सोनं इतकं जड की तेवढं शुद्ध सोनं असलेला, डाकासकट साडेपाच ग्रॅमचा गोळा जेमतेम मोठ्या वाटाण्याएवढा होतो. डब्यातल्या काळ्या काचेत तो कोणाला दिसणार? आणि तेवढं वजन भरून काढायला दुसऱ्या पुडीत सवागीबरोबर तांब्याचा कीस. म्हणजे काटा खरं बोलतो आणि कस खोटा निघतो. आम्ही सगळे बघत होतो काट्याकडे. पैंजणांतही काही घोळ झाला असेल, पण ती चांदी मुळातच हलक्या कसाची असते, तिथे कोण काय सिद्ध करणार.

पोलिसांनी तक्रार ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला: मूळ दागिने किती कॅरेटचे होते याला पुरावा काय? वितळल्यावर ना शिक्का उरतो ना घडण. जुन्या दागिन्यांची पावती कोणाकडे असते?

म्हणून गाळायचंच असेल तर आधी हॉलमार्किंग केंद्रात कस तपासून कागद घ्या. चार नगांपर्यंत साधारण 200 रुपये शुल्क आहे, वर कर. नवीन दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळखक्रमांक) असतो (1 एप्रिल 2023 पासून नवीन हॉलमार्क असलेला दागिना दुकानदाराला त्याशिवाय विकता येत नाही), तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो. गाळण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. दागिने स्वतः घरी वितळवण्याच्या भानगडीत पडू नका, जुन्या डाकात कॅडमियम असू शकतं आणि त्याचा धूर फुप्फुसांना घातक. "पॉलिश करून देतो" म्हणणाऱ्यालाही फाटकाबाहेरच ठेवा. त्याच्या भांड्यात अम्लराज असेल, एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल, तर सोनं त्यात विरघळून जातं आणि दागिना वर झकास चमकतो.

डिचोलीकडे आमच्या एका नातेवाईक बाईंकडे नुकताच असाच माणूस आला होता. त्यांनी आमची गोष्ट ऐकलेली. "पुड्या आधी ताटात ओत, आणि गाळ आमच्याकडेच राहू दे," म्हणाल्या. झोत बिघडलाय असं सांगून तो चहा न घेताच निघाला.